अकुशल कोणी ठरवले?

पुण्या-मुंबईतील एखादा सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे संगणक-प्रणालीतील दोष हुडकून काढणारा तंत्रज्ञ, कामासाठी ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ इच्छितो तेव्हा त्याच्या कौशल्याची रीतसर पारख होते. ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी ही संस्था त्याची पदवी, अनुभवपत्रे आणि केलेल्या कामाचा तपशील तपासून निर्णय देते. ही पारख निर्दोष आहे असे नव्हे. पदवीचा विषय कामाशी जुळत नसेल तर अनुभवाची काही वर्षे हिशेबातून वजा होतात आणि शुल्काचा भार अर्जदारावरच पडतो. तथापि या माणसाला काहीतरी येते, हे गृहीत धरूनच ती सुरू होते.

आता पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांकडे वळावे. भात, नागली, वरईचे तुटपुंजे पीक हाती आले आणि दिवाळी सरली की येथील वारली, कोकणा, ठाकर, कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वसई, शहापूरकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात. पाऊस तोंडावर आला की परततात. स्थलांतर तेही आहे आणि हेही आहे. परंतु येथे पारख करतो तो मुकादम. घरात कामाच्या जोड्या किती, एवढेच तो पाहतो, उचल हातावर ठेवतो आणि मोकळा होतो. सरकारच्या लेखी हे मजूर ‘अकुशल’.

वस्तुतः वीट थापणे ही नुसती अंगमेहनत नव्हे. मातीचा चिकटपणा ओळखणे, तूस व राख किती घालावी याचा अंदाज बांधणे, गारा नेमका मऊ ठेवणे, कच्ची वीट तडकू न देता वाळवणे, आच सर्वत्र सारखी लागेल अशी भट्टी रचणे, ही सारी वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली विद्या आहे. ती कागदावर उतरलेली नाही म्हणून ती विद्याच नाही, असे ठरवण्याचा अधिकार कोणाला?

हा शब्दांचा कीस नव्हे. प्रश्न भाकरीचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार किमान वेतनाचा दर ठरवताना अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल ही वर्गवारी प्रामुख्याने विचारात घ्यावयाची आहे. म्हणजे ‘अकुशल’ हा शिक्का मारला की मजुरी आपोआप खालच्या पायरीवर येते. त्यातही दर हजार विटांमागे आणि हिशेब जोडीचा. बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच नाही. हंगामाअखेर उचल आणि खावटी वजा जाता हाती काय उरते, हे प्रत्येक पाड्याला ठाऊक आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाडच्या मजुरांच्या खटल्यात बजावले होते. भट्टीवर ते अद्याप पोहोचायचे आहे.

कायद्याची दुसरी गंमत अशी की, स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेनेही तीच मर्यादा राखली. जव्हारचा मजूर गुजरातेत उंबरगावला गेला तर तो आंतरराज्य स्थलांतरित ठरू शकतो. भिवंडीला गेला तर नाही. उपासमार मात्र सीमा पाहत नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरवले. घर सहा-सात महिने बंद राहिले की अंगणवाडी आणि शाळा दोन्ही सुटतात, हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे.

कोणी म्हणेल, कौशल्याच्या परीक्षा सरकारने सुरू केल्याच आहेत. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद आहेच. परंतु ज्या प्रमाणपत्रामागे वाढीव दर नाही, ते भिंतीवर टांगण्यापुरतेच. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. पारख सुरू झाली की मालक तिचाच उपयोग करून म्हाताऱ्यांना आणि दुबळ्यांना बाहेर काढतील. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पारख मालकाच्या हाती असता कामा नये, ती कामावर घेण्याची अटही होता कामा नये. ती केवळ दर वाढवण्याचा आधार असावी.

येथे इतिहासाचे स्मरण उपयोगी ठरेल. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा गवतकापणीचा दर कोणत्याही परीक्षेने वाढला नाही. तो संपाने वाढला आणि त्याची किंमत तलवाड्याच्या गोळीबारात रक्ताने मोजावी लागली. श्रमाचे मोल हाताच्या कसबावर ठरते तितकेच ते संघटित शक्तीवरही ठरते. ऑस्ट्रेलियाला टेस्टर हवा असतो, म्हणून त्याची पारख होते. भट्टीमालकालाही थापणारे हात हवेच असतात. मात्र उचलीने ते आधीच बांधले गेल्यामुळे त्यांची पारख करण्याची त्याला गरज भासत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. वीट थापणे व भट्टी रचणे ही कामे कुशल वर्गात घालावीत. पारख पावसाळ्यात, माणसे गावात असताना, त्यांच्याच बोलीत व्हावी आणि पारखणाऱ्यांत जाणते मजूर असावेत. स्त्रीची नोंद स्वतंत्र व्हावी. राज्यांतर्गत स्थलांतरितालाही कायद्याचे संरक्षण मिळावे. गावातच पुरेसे काम मिळणे हा खरा उपाय आहे आणि त्यासाठीचा लढा थांबवण्याचे कारण नाही. पण तोवर जाणारा माणूस ‘अकुशल’ म्हणून जाणार नाही, एवढे तरी कार्यकर्त्यांनी पाहिले पाहिजे. दिवाळीपूर्वी पाड्यापाड्यावर बसून कोण जातो, कोठे जातो, त्याला काय येते आणि त्याने उचल किती घेतली याची वही तयार करणे, ही त्याची पहिली पायरी आहे. तिच्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.