रामपुरीची परीक्षा

बाबांनी मे महिन्यात रामपूरहून नवा चाकू आणला. मित्रांचा पहिला प्रश्न, "सिनेमातल्यासारखा खटखट वाजतो का रे?" वाजतो. पण चाकूची पारख आवाजावर करू नये, असे माझे मत आहे.

मूठ पितळी, सडपातळ, खिशात सहज मावणारी. पाते चार इंचांचे. साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर उत्तर प्रदेशात १९९०च्या दशकात बंदी आली आणि रामपूरच्या कारागिरांचा धंदा बसला. (२०२३ मध्ये मात्र तिथल्या चौकात वीस फुटी चाकू उभारला!)

सुट्टीत लखनौच्या घरी मलिहाबादचा दशहरी कापून पाहिला. साल कागदासारखी पातळ निघाली. तंबूची दोरी कापताना मात्र पाते डावी-उजवीकडे हलले, कारण मुठीतली खीळ सैल आहे. घामेजल्या हातात पितळही निसटते. खटका पक्का बसतो, म्हणून पाते बोटांवर मिटत नाही. ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू.

हॉस्टेलमध्ये चाकूला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण खीळ घट्ट आणि मूठ लाकडी केली, तर ट्रेकला जाणारे लोक रामपुरी आनंदाने घेतील. सध्या तो आईकडे आहे, कैऱ्या चिरायला.