केमोथेरपीतील लंघन : आधी बलाचा विचार

‘लंघन हे परम औषध’ हे वचन आपल्या व्यवसायात इतके रुळले आहे की, ते कोणत्या रुग्णाला लागू पडते, हा प्रश्नच मागे पडतो. अलीकडे केमोथेरपी घेणारे रुग्ण आपल्याकडे येतात ते बहुधा हाच विषय घेऊन. “वैद्यराज, डोसच्या आधी तीन दिवस पाण्यावर राहिले तर गाठ लवकर विरघळते म्हणतात, खरे का?” नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने आपल्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग आहारनियमनाने व उपवासाने बरा झाल्याचे जाहीर केले. तेव्हा टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना, अशा दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नयेत, असे निवेदन काढावे लागले. त्या वादात आयुर्वेदाचे नाव ओढले गेले. म्हणून या प्रश्नावर आपली भूमिका स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

प्रथम आधुनिक संशोधनाविषयी. अमेरिकेतील व्हाल्टर लोंगो यांच्या गटाने २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ४८ ते ६० तास उपाशी ठेवलेल्या उंदरांनी केमोथेरपीच्या औषधाची मोठी मात्रा अधिक चांगली सोसली. अन्न तुटले की निरोगी पेशी वाढ थांबवून स्वसंरक्षणाकडे वळतात, कर्कपेशी मात्र तसे करीत नाहीत, ही त्यामागील उपपत्ती. कल्पना आकर्षक आहे, यात शंका नाही. परंतु २०२० मध्ये नेदरलँड्समधील स्तनकर्करोगाच्या १३१ स्त्रियांवरील चाचणीचा अहवाल आला, त्यात उपवाससदृश आहार घेणाऱ्या गटात तीव्र दुष्परिणाम कमी झाल्याचे आढळले नाही. त्या गटाला सोबतचे स्टेरॉइड दिले नव्हते, तरीही दुष्परिणाम वाढले नाहीत, आणि गाठीच्या प्रतिसादाबाबत काही आशादायक संकेत मिळाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तथापि निम्म्याहून अधिक स्त्रियांना हा आहार चार आवर्तनेही पाळता आला नाही. शिवाय कृश व मधुमेही रुग्ण त्या चाचणीत घेतलेलेच नव्हते. आपल्या ओपीडीत येणारे रुग्ण बहुतांशी याच दोन वर्गांतले असतात, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे, पाचन हा दुसरा. त्याच अध्यायात अतिलंघनाची लक्षणेही आहेत : पर्वभेद, अंगमर्द, मुखशोष, क्षुधानाश, अरुची, तृष्णा, श्रोत्रनेत्रांचे दौर्बल्य, देह-अग्नि-बलाचा नाश. केमोथेरपीच्या तिसऱ्या-चौथ्या डोसनंतरचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. उपवास न करताच ही लक्षणे त्याच्या अंगी उतरलेली असतात. ज्वरचिकित्सेत लंघन सांगतानाही आचार्यांनी क्षयजन्य व वातज ज्वर वगळला आणि बलाला विरोध होणार नाही इतकेच लंघन करावे, असे बजावले. आरोग्य बलावर अधिष्ठित आहे आणि चिकित्सा त्या आरोग्यासाठीच आहे, हे त्यामागचे सूत्र. धातुक्षय चालू असलेल्या रुग्णाला तीन दिवस पाण्यावर ठेवणारा वैद्य परंपरेचे नव्हे, तर परंपरेच्या एका तुकड्याचे पालन करतो.

‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हा युक्तिवादही तपासून पाहावा. अन्नातून साखर मिळाली नाही, तर यकृत स्नायूंतील प्रथिने मोडून ती तयार करते. गाठीला मिळायचे ते मिळतेच, झिजतो तो रुग्ण. वजन घटले की औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा डोस पुढे ढकलावा लागतो. ज्या उपचारावर आयुष्य अवलंबून आहे, तोच अशा रीतीने पातळ होतो. युरोपातील क्लिनिकल पोषणतज्ज्ञांची संस्था दररोज प्रतिकिलो वजनामागे २५ ते ३० किलोकॅलरी व एक ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचवते. ६० किलोच्या रुग्णाला म्हणजे ६० ते ९० ग्रॅम प्रथिने हवीत. एकादशीच्या साबुदाणा खिचडीत दाण्याचा कूट सोडला, तर प्रथिने जवळजवळ नसतातच.

निर्जळी उपवास तर सर्वथा वर्ज्य समजावा. सिस्प्लॅटिन, सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट या औषधांत शरीरातील जलांश कमी पडल्यास वृक्क वा मूत्राशयाला इजा होऊ शकते. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायच्या असतात, तर एर्लोटिनिब रिकाम्या पोटी. औषधाचे नाव न विचारता पथ्य सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मग वैद्याने करावे काय? डोसच्या दिवशी व नंतरचे दोन दिवस भूक नसेल, तर आग्रह धरू नये, पण पेयादि क्रम हाताशी ठेवावा. लाजामंड, पेज, मुगाचे कढण, मग तूप-मेतकूट घातलेला मऊ भात. अग्नी उठला की मुगाची खिचडी, पनीर, उकडलेले अंडे, चालत असल्यास मांसरस. थोडे थोडे, दोन-दोन तासांनी. बहुधा डोसनंतर दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा कच्चे मोड, न उकळलेले दूध आणि लोकप्रिय गव्हांकुरांचा कच्चा रस टाळावा. त्या काळात १००.४ अंशांवर ताप आला, तर तो काढ्याचा विषय नव्हे. रुग्णाला तात्काळ रुग्णालयात पाठवावे. व्रताचा आग्रह असेल, तर रुग्णाची श्रद्धा न दुखावता दूध, राजगिरा, फळे व भरपूर पाणी यांवर ते निभावून न्यावे. आजाऱ्याला व्रतात सूट आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याचे काम वैद्याचेच.

औषधालयांच्या चालकांनाही दोन शब्द. केमोथेरपी चालू असलेल्यास रेचक चूर्णांची ‘डिटॉक्स’ पाकिटे देऊ नयेत. गुग्गुळ, पिप्पली यांतील द्रव्ये यकृतातील औषधविघटनावर परिणाम करू शकतात, म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती देऊ नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे, याचेही स्मरण ठेवावे.

संघटनेपुढे माझी एक सूचना आहे. अशा रुग्णांसाठी एकच साधा तक्ता छापावा : औषधांची नावे, डोसच्या तारखा, अलीकडचा रक्ततपासणी अहवाल, आणि दर पंधरा दिवसांनी वजन. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे ६० किलोमागे तीन किलोंनी घटले, तर लंघनाचा विचार तिथेच सोडून कर्करोगतज्ज्ञांना पत्र लिहावे. त्यांच्याशी पत्रव्यवहार करण्यात कमीपणा नाही. वजनकाटा व लेखणी यांनी आयुर्वेदाची प्रतिष्ठा जितकी राखली जाईल, तितकी उपवासाच्या चमत्कारकथांनी खचितच राखली जाणार नाही.