हजारातली सोळा

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं म्हणजे अर्भक मृत्युदर. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात तो १६ होता, देशात २८. आकडा दिलासा देतो, म्हणूनच यंदाच्या अंकासाठी आम्ही हा विषय घेतला. सरासरीत मेळघाट आणि मुंबई एकाच रकान्यात बसतात. शिवाय जे मूल कागदावर आलंच नाही, त्याचा मृत्यू तरी कुठे दिसणार? २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने नेमकी हीच दुखरी नस दाबली होती.

आईचं पोषण, पाणी, रस्ता, वेळेवर मिळालेली गाडी हे सगळं या एका आकड्यात उतरतं. आम्ही मात्र सुरुवात गडचिरोलीतल्या एका घरापासून केली आहे. गावातलीच आरोग्यदूत बाळाच्या पोटावरचं कापड बाजूला करते आणि मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले, तर धोका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत अशी घरोघरी काळजी घेतली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले.

तुमच्या गावात, वस्तीत ही नोंद कोण ठेवतं? आशाताई, परिचारिका, आयांनो, आम्हाला जरूर लिहा.