अर्थाचा रकाना

स्क्रॅबल शिकणाऱ्या मुलांच्या हाती लवकरच एक यादी पडते. क्यू आहे पण यू नाही, अशा इंग्रजी शब्दांची. कारण उघड आहे. क्यूची टाइल एकच आणि तिचे गुण 10. यू हाताशी नसला की ती अडकून बसते. डाव संपेपर्यंत हातात राहिली तर तेवढे गुण कापले जातात. म्हणून ही यादी घोकली जाते. खेळ म्हणून यात गैर काही नाही. गैर आहे ते या घोकंपट्टीला शब्दसंग्रह म्हणणे.

यादीतला एकच शब्द घेऊ. क्यू-ए-एन-ए-टी. कनात. गुण 14. शब्द चालतो, एवढे मुलाला माहीत असते. त्यापुढचे त्याला कोणी सांगत नाही, कारण यादीत अर्थाचा रकानाच नसतो. घरातल्या आजोबांना विचारले तर ते तंबूची कनात सांगतील. ही ती नव्हे.

ही कनात म्हणजे जमिनीखालून पाणी आणण्याची जुनी इराणी रीत. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची. तिथून वस्तीकडे अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा. वाटेत जागोजागी उभ्या विहिरी पाडायच्या. त्यांतून खणलेली माती वर काढता येते, आत हवा खेळते आणि पुढे गाळ उपसायला माणूस उतरू शकतो. पंप नको, मोट नको. पाणी उताराने आपले आपण येते आणि जमिनीखाली असल्याने उन्हात फारसे आटत नाही. वाळवंटाच्या कडेची गावेच्या गावे या पाण्यावर जगली. इराणमधल्या अशा 11 कनातींना युनेस्कोने 2016 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे सगळे दूरदेशीचे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी आणले ते याच तत्त्वावर. नहर-ए-अंबरी हे नाव मलिक अंबरवरूनच पडले. खानदेशच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपुरात, 1615 साली बांधलेला कुंडी भंडाराही याच जातीचा. वर कुंड्यांची रांग आणि खाली त्यांना जोडणारा बोगदा. चारशे वर्षे उलटली, तरी त्यात पाणी आहे.

आता संभाजीनगरच्या एखाद्या शाळकरी मुलीचा विचार करा. ती हा शब्द बोर्डावर लावते आणि 14 गुण घेते. आपल्याच शहराची तहान एके काळी याच युक्तीने भागली, हे तिच्या कानावर आलेले नसते. शब्द तिला आला, असे म्हणायचे का? आली ती पाच अक्षरे.

अशा यादीवर बहुधा ‘दुर्मीळ शब्द’ असा मथळा असतो. त्यात फकीर आहे, काझी आहे, नकाब आहे, तलाकही आहे. इंग्रजीत हे शब्द दुर्मीळ असतील. मराठी मुलाने ते घरात, रस्त्यावर, बातम्यांत ऐकलेले असतात. ओळखीच्या शब्दांनाही अनोळखी करून त्याच्यापुढे ठेवायचे, हे कसले शिक्षण?

खेळ जिंकायला अर्थ लागत नाही, हे सिद्ध झालेले आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. काही आठवड्यांत त्याने त्या भाषेतले शब्द पाठ केले होते. पुढे 2024 मध्ये स्पॅनिशमधले जगज्जेतेपदही त्याने मिळवले. ही स्मरणशक्ती थक्क करणारी आहे आणि तिला मान द्यायलाच हवा. पण त्या विजयामुळे त्याला फ्रेंच येऊ लागली, असे कोणी म्हटले नाही. आपल्याकडे मात्र नेमके तेच म्हटले जाते. स्क्रॅबल खेळा, इंग्रजी सुधारेल, असे शिबिरवाले सांगतात आणि पालक पैसे भरतात. मुलांच्या हाती पडते ती यादी.

स्पर्धेत उतरलेल्या खेळाडूला यादी पाठ करू द्या. त्याचा हेतू स्पष्ट आहे आणि तो प्रामाणिक आहे. शाळेचा हेतू वेगळा असायला हवा. मुलाला शब्द द्यायचा तर तो कुठून आला, कशाला म्हणतात, कोण वापरते, हे त्याच्यासोबत द्यावे लागते. त्याला वेळ लागतो, हे खरे. मग शंभर शब्दांऐवजी वीस द्या.

शिक्षकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी ही यादी छापाल तेव्हा तिच्यात एक रकाना वाढवा आणि अर्थ लिहा. संभाजीनगरच्या शिक्षकांनी तर एका दिवसासाठी बोर्ड मिटवावा आणि मुलांना नहरीचे अवशेष दाखवायला न्यावे. शब्दसंग्रह वाढला, असे त्यानंतर खुशाल म्हणावे.