ओलिताची केबल व दुकानांतील भाषा

वर्धा जिल्ह्यांत ओलिताच्या विहिरीवर विजेची मोटार असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिली नाहीं. परंतु त्या मोटारीस वीज पोंचविणाऱ्या केबलची खरेदी आमचे बहुतेक शेतकरी बंधु अजून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबूनच करितात. बियाणें घेतांना दहा वेळां वाण विचारणारा गृहस्थ येथें "पांच हॉर्सपॉवरला चालेल अशी द्या" एवढेंच म्हणतो, व भावाला हलकें असेल तें वेटोळें घेऊन घरीं येतो. आमच्या मतें ही हयगय यापुढें चालूं देतां कामा नये.

सर्वांत मोठा घोटाळा "अडीच एम. एम." या शब्दांत आहे. हा आंकडा तारेची जाडी सांगत नसून धातूच्या छेदाचें क्षेत्रफळ, म्हणजे २.५ चौरस मिलिमीटर, सांगतो. तितक्या छेदाची एकच सबंध तार घेतली तर तिची जाडी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास भरते. जुने वायरमन "सात-बावीस" म्हणतात, म्हणजे बावीस गेजच्या सात तारांचा पीळ. हा बोल चुकीचा नाहीं. मात्र गेजचा आंकडा वाढतो तशी तार बारीक होते, हें ठाऊक नसलेला मनुष्य विसापेक्षां बावीस मोठी समजून बसतो. "११०० व्होल्ट" हा छाप तर केवळ वेष्टनाची सहनशक्ति दाखवितो; आंतील तार किती प्रवाह वाहील याच्याशीं त्याचा संबंध नाहीं. जाड घोंगडी पांघरल्यानें अशक्त बैल ओढीचा होत नाहीं.

धातूविषयींही विचारलेंच पाहिजे. अल्युमिनियम वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याची वाहकता तांब्याच्या सुमारें ६० टक्केच असल्यानें छेद त्या मानानें मोठा घ्यावा लागतो. समजा, विहीर मीटरपासून २०० मीटर दूर आहे व पांच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटार सुमारें ८ अँपियर घेते. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर केबलमध्यें ४१५ पैकीं सुमारें १६ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. तितक्याच छेदाच्या अल्युमिनियममध्यें सुमारें २७. तांब्याची ४ चौरस मिलिमीटर घेतल्यास तूट दहावर येते. डीपीपासून दूरच्या वावरांत आधींच दाब कमी. त्यांत ही तूट पडली कीं मोटार त्याच कामासाठीं अधिक प्रवाह ओढते, तिचें वाइंडिंग तापतें, आणि ऐन गव्हाच्या पाळीला तें जळतें.

२०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर केली, तेव्हां "वाटेंत वीज गेली तर आपलें काय गेलें?" असा प्रश्न कोणी करील. बिल माफ झालें तरी वाइंडिंग भरण्याचा खर्च कोणी माफ केलेला नाहीं, व वाळलेला हरभराही आपलाच.

न्यूट्रल व अर्थिंग या दोन शब्दांची गल्लत मात्र पैशांवर भागत नाहीं. न्यूट्रल हा प्रवाहाचा नेहमींचा परतीचा मार्ग. अर्थिंग हा दोष उद्भवल्यास प्रवाहाला जमिनींत उतरविणारा. पाण्यांतील पंपाच्या तीन कोरांच्या चपट्या केबलमध्यें अर्थाची तार नसते, म्हणून ती निराळी ओढून स्टार्टरच्या लोखंडी पेटीस बांधणें अवश्य आहे. ओल्या पायांनीं त्या पेटीस हात लावणारा पुष्कळदां घरचा सालदार किंवा मुलगा असतो.

आमची सूचना अशी कीं, पावतीवर धातु, छेद, कोरांची संख्या व भारतीय मानक ब्यूरोचा आय. एस. ६९४ हा क्रमांक लिहवून घेतल्याविना पैसे देऊं नयेत. संस्थेनेंही एक मायक्रोमीटर बाळगावा. एका तंतूची जाडी मिलिमीटरमध्यें मोजून तिचा वर्ग करावा, त्यास ०.७८५ नें व मग तंतूंच्या संख्येनें गुणावें, छेद निघतो. किंचित् तफावत क्षम्य आहे, पण अडीचाच्या जागीं दोनच भरले तर वेटोळें त्याच दिवशीं परत करावें.