दवण्या-मरव्याची वेणी



चैत्र लागला की दवण्याची आठवण होते. जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पुनवेच्या यात्रेत गुलाल-खोबऱ्याबरोबर देवाला दवणा वाहतात. घरोघर चैत्रगौर बसते आणि हळदीकुंकवाची बोलावणी सुरू होतात. त्यासाठी तालुक्याच्या बाजारातून गजरे आणायलाच हवेत असे नाही. परसात हौदाच्या कडेला थोडी जागा असली, तर दवणा, मरवा आणि अबोली तिथेच होतात.

दवण्याचे बी फार बारीक असते. बारीक वाळूत मिसळून ते कार्तिकात वाफ्यावर पेरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. बी मात्र गेल्या हंगामाचेच घ्यावे. जुने झाले की उगवत नाही. मरव्याला बियांची खटपट नको. कोवळ्या शेंड्याची बोटभर काडी घेऊन खालची पाने काढावीत आणि ओल्या मातीत खोचावी. पाणी साचू देऊ नये, मुळे कुजतात.

अबोलीला रंग आहे, पण वास नाही. मरव्याला वास आहे, पण रंग नाही. दोन्ही एका दोऱ्यात आली की एकीचे उणे दुसरीने भरून निघते.

दव सुकल्यावर, ऊन चढण्याआधी खुडणी करावी. दवणा पिवळी बोंडे धरू लागला की त्याचा वास भरतो. तेव्हाच बोटभर लांबीचे शेंडे घ्यावेत. केळीचे वाळलेले सोपट पाण्यात भिजवून त्याचे बारीक दोरे काढावेत. सुती दोऱ्यासारखे ते देठ कापत नाहीत. दोन अबोली उजवीकडे तोंड करून, दोन डावीकडे, असे देठावर देठ ठेवून दोऱ्याचा वेढा द्यावा आणि गाठ ओढावी. अशा दोन गाठी झाल्या की मरव्याचा एक शेंडा, पुढच्या दोन गाठींनंतर दवण्याचा. गाठ घट्ट हवी, पण देठ चिरडू नये. तयार वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून केळीच्या पानात ठेवावी. संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते. उरलेला दवणा सावलीत वाळवून कपड्यांच्या ट्रंकेत टाकावा. सुकला तरी त्याचा वास जात नाही.

आता वेण्या किती करायच्या ते पाहू. बोलावणी किती गेली ते मोजून आपण तितक्या करतो. पण ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरची बाई या मोजणीत धरलेली नसते. डाळ वाटायला, पन्हे करायला ती पहाटेपासून राबते आणि बायका येऊ लागल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले.

ठराव चावडीवर होतो, तो पाळायचा मात्र घरात. म्हणून बोलावण्यांपेक्षा एक-दोन वेण्या जास्त बांधा. जाऊ असो, नणंद असो, शेजारची काकू असो, तिला आतून हाक मारा, चौरंगापाशी बसवा आणि विचारा, ‘माळू का?’ ती कदाचित नको म्हणेल. तरी वेणी तिच्या हातात द्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.