ओढीचा पुरावा

१९७० आणि ८० च्या दशकांत मराठी वर्तमानपत्रं नेमाने वाचणाऱ्यांना दिएगो गार्सिया हे नाव चांगलं आठवत असेल. अमेरिकेचा नाविक तळ, हिंदी महासागर शांतताक्षेत्र व्हावा ही आपली मागणी आणि त्यावरचे खणखणीत अग्रलेख. पुढे आखाती युद्धात बी-५२ विमानं तिथून उडाली, तेव्हा ते नाव पुन्हा पहिल्या पानावर आलं. त्या बेटावर माणसं राहत होती, त्यांची नारळाची बाग, चर्च आणि दफनभूमी होती, हे मात्र त्या सगळ्या मजकुरात क्वचितच सापडायचं. भूगोल कळला, डावपेच कळले. गाव राहून गेलं.

यंदाचा दिवाळी अंक घरापासून दूर असलेल्यांवर काढायचा ठरला, तेव्हा आम्हांला आधी हे गाव आठवलं.

दिएगो गार्सिया ज्यांत मोडतं ती चागोस बेटं भारताच्या दक्षिण टोकापासून साधारण १,६०० किलोमीटर खाली आहेत. तिथली माणसं मूळची आफ्रिका आणि मादागास्करातून गुलाम म्हणून आणलेली. मागाहून काही भारतीय मजूरही गेले. पिढ्यान्‌पिढ्या खोबरं वाळवायचं, मासे धरायचे, आपली क्रिओल बोलायची. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली, त्याबद्दल मॉरिशसला ३० लाख पौंड दिले आणि त्यांतलं मोठं बेट, दिएगो गार्सिया, अमेरिकेला तळासाठी देऊ केलं. बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची गुपचूप सूट मिळाली. अडचण होती ती माणसांची. तिच्यावर लंडनच्या कचेऱ्यांनी काढलेला तोडगा कागदी होता: ही माणसं इथली नाहीतच, कंत्राटावर आलेले मजूर आहेत, असं लिहायचं. ज्यांचे आजे-पणजे तिथेच पुरले होते, ते एका टिपणात हंगामी कामगार झाले.

१९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसं हलवली गेली. सुरुवात तर जबरदस्तीशिवायच झाली. पेरोस बान्योस बेटावरच्या रीटा बँकूल्ट जखमी मुलीला घेऊन औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेल्या. मुलगी गेली. परतायला बंदरावर आल्या, तर उत्तर मिळालं, तुमचं बेट विकलं गेलं, आता बोट नाही. उरलेल्यांना मागाहून बोटींत भरलं. अंगावरचे कपडे, एखादी पेटी, एखादी गादी. बेटावरची शेकडो कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत आणि सेशल्समध्ये ही माणसं टाकून दिल्यासारखी राहिली. तिथे जे लवकर गेले, ते दुःखाने गेले, असं त्यांची मुलं आजही सांगतात. यात अतिशयोक्ती शोधायचं आम्हांला काही कारण दिसत नाही.

रीटाबाईंचा मुलगा ऑलिव्हिए तेव्हा चार वर्षांचा होता. मोठेपणी त्याने लंडनच्या न्यायालयात ब्रिटिश सरकारला खेचलं आणि २००० साली खटला जिंकला. त्याला उपयोगी पडले ते सरकारनेच जपून ठेवलेले आणि मुदत संपल्यावर खुले झालेले जुने कागद. माणसं नाहीत असं जिथे लिहिलं होतं, तिथेच माणसं आहेत हे ठाऊक असल्याचंही लिहिलेलं निघालं. २००४ मध्ये सरकारने राणीच्या हुकुमाने परतण्याचा हक्क पुन्हा काढून घेतला. २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर तीन विरुद्ध दोन अशा मतांनी बेटवाले हरले. (याच काळात हौशी शिडाच्या बोटींना परवाना काढून या बेटांपाशी नांगर टाकता येत होता. ज्यांचा जन्म तिथला, त्यांना नाही.)

२००२ च्या कायद्याने या बेटवाल्यांपैकी बऱ्याच जणांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या देशाने घर घेतलं, त्याच देशात ही माणसं राहायला गेली. गॅटविक विमानतळाला लागून क्रॉली नावाचं गाव आहे. पहिले काही जण विमानातून उतरले आणि जायला कुठे नव्हतं म्हणून विमानतळावरच राहिले. मग त्याच गावात वस्ती झाली. अनेकांनी विमानतळावरच साफसफाईची कामं धरली. दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, जगात कुठेही. यांना जिथे जायचं तिथे मात्र लष्करी विमानांखेरीज काही उतरत नाही.

चार्लेशिया अलेक्सी याच क्रॉलीत वारल्या. १९८० च्या आसपास पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उपोषणं करणाऱ्या, पोलिसांचा मार खाणाऱ्या बायकांत त्या पुढे होत्या. बेटावरची सेगा गाणी त्या गात. चागोसचा हा सेगा युनेस्कोने २०१९ मध्ये तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतला. गाण्याला जागा मिळाली, गाणारणीला मिळाली नाही.

इथे मराठी वाचकाचाही एक धागा गुंतलेला आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि घाटावरून गेलेले मराठी लोक आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, जाखडी अजून नाचली जाते, घरात मात्र क्रिओल बोलली जाते. त्यांची मुलं आता लंडन-पॅरिसला असतात आणि त्यांना ओढ लागते ती मॉरिशसची. रत्नागिरी त्यांच्यासाठी पोथीतलं गाव. एका बेटाची ओढ लागलेला हा मराठी तरुण आणि क्रॉलीतला चागोसी तरुण एकाच क्रिओलमध्ये बोलू शकतात. फरक इतकाच, की पहिल्याला डिसेंबरात तिकीट काढता येतं.

हा फरक आम्हांला फार मोठा वाटतो, आणि तो आपल्या दिवाळी अंकांत पुसला जातो. परदेशस्थ मराठी लेखकांचे लेख आमच्याकडे दरवर्षी येतात आणि ते मनापासून लिहिलेले असतात. पण पहिला पाऊस, मातीचा वास, आईच्या हातची भाजणी, एवढं वाचून झाल्यावर लेखकाचं गाव कोणतं हे सांगता येत नाही. ज्याला परत जाता येतं त्याला असं धूसर लिहिणं परवडतं, कारण तपशील तिकडे जागच्या जागी आहेत. ज्याचं गावच उचललं गेलं, त्याला कोणत्या माडाखाली कोणाची झोपडी होती हे सांगावं लागतं. तोच त्याचा सातबारा.

अशी माणसं आपल्याकडेही आहेत. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी विखुरली. पुनर्वसनाचे प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत आले. धरणाविरुद्धचा मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा. त्याच्या इतिहासात सेनापती बापट येतात, बुडालेल्या गावांतल्या वाड्यांची नावं फारशी येत नाहीत. आपण त्या धरणांच्या विजेवर दिवे लावले, याचा दोष कोणाला देत नाही. पण त्या गावांविषयी मराठीत किती लिहिलं गेलं, हे आपल्या साहित्यव्यवहाराला विचारायला हवं, आणि त्यात दिवाळी अंकही आले.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. करारानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात, तळासाठी. इतर बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल. अनेक चागोसींनी तक्रार केली, की याही वेळी आम्हांला कोणी विचारलं नाही. तक्रार खरी आहे. दिएगो गार्सियावर जन्मलेल्यांना या करारात राहायला परत जाण्याची वाट नाही, आणि आज त्यांतले तरुणातले तरुणही पन्नाशी ओलांडलेले आहेत.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरात धरणाखाली, खाणीत किंवा प्रकल्पात गेलेल्या गावाची आठवण असलेलं कोणी असेल, तर या सुट्टीत त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा. वाडीचं नाव, विहिरीचं नाव, देवस्थान, कोणाच्या शेताला कोणाचा बांध, हे सगळं लिहून घ्या. भाषा साधी चालेल, शुद्धलेखन आम्ही पाहू. पुढच्या वर्षीच्या अंकाची निम्मी पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

— संपादक